पळसाचा माणूस आणि सदाच्या बाकीच्या तीन गोष्टी

कार्तिक शु. ११, शके १८६०. लोणावळे

भाऊबीजेला सदानं हातात ठेवलेलं पुस्तक आज उघडलं. इतके दिवस गुलाबांची छाटणी चालली होती आणि भाच्याचं पुस्तक मातीच्या हातानं उघडवेना. पुठ्ठ्यावर त्याचं नाव. पुण्याच्या छापखान्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांचे खिळे जुळवता जुळवता पोरानं स्वतःच्या नावाचेही जुळवले. नावावरून बोट फिरवलं. शाई कधीच वाळलेली, तरी बोट धोतराला पुसलं.

चार गोष्टी. सगळ्या अद्भुत. गोष्ट म्हणावी तर लांब, कादंबरी म्हणावी तर आखूड. कपड्यांत या मापाला बंडी म्हणतात. सदरा नव्हे, पण थंडीला पुरते.

स्टेशनावर सदा म्हणाला होता, "मामा, आईला वाचून दाखवा. संक्रांतीला येतो तेव्हा मत सांगा. तिळगूळ देईन, पण गोड बोलू नका." मग गाडी हलल्यावर खिडकीतून, "शेवटची आधी तुम्ही एकट्यानं वाचा." का, ते शिट्टीत गेलं.

शेठ मंडळी मुंबईला परतली. बंगल्याला कुलूप. आता आउटहाउसात मी आणि सदाची आई सरू, दोघं भावंडं, आणि बाग.

कार्तिक शु. १३

दिवेलागणीला गोष्ट पहिली सुरू केली, 'तळ्याखालचं गाव'. श्रोते दोन. सरू, आणि दूध घालायला आलेली वळवणची हौसाबाई. तिनं चरवी उंबऱ्यात ठेवली ती तिथंच राहिली.

कंदिलाच्या उजेडात अक्षरांच्या मुंग्या होतात. दुसऱ्या पानाला डोळे गळायला लागले. सरू म्हणाली, "ऱ्हाऊ दे दादा. गाव काय पळून चाललंय?"

युक्ती काढली आहे. दिवसा उन्हात वाचून ठेवायचं, संध्याकाळी पुस्तक पुढं धरून तोंडानं सांगायचं. मी वाचायला शिकलो तेच मुळी रोपांना गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्राच्या चिंध्यांवरून. तेव्हापासून अर्धं वाचायचं न् अर्धं जुळवायचं ही सवयच.

कार्तिक पौर्णिमा

पकडला गेलो. जाईच्या मांडवामागे पुस्तक घेऊन बसलो होतो, सरू पाणी घालायला आली.

"दिवसा गोष्ट?"

म्हटलं, सांगत कुठं होतो, वाचत होतो.

"वाचनं म्हंजे सोताला सांगनंच की. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. सदाला मामा येकच हाय."

मी म्हटलं, बाई, साठी उलटली. विहिरीपासून फाटकापर्यंत माझी चाल, त्यात वाट कुठली चुकणार. ती हसली नाही. "घरातला येक मानूस वाट चुकला तेवढा पुरं."

दाजींचं नाव ती घेत नाही. सदा पोटात असताना दाजी पलटणीबरोबर बसऱ्याला गेले. लढाई संपली, त्यांच्या वराळे गावची बाकीची माणसं परत आली. सरकारी कागद आला त्यातही मेला असं नव्हतं, पत्ता लागत नाही एवढंच. सरू तान्ह्याला घेऊन माझ्याकडे आली ती इथलीच झाली. सदा आता मिशीवाला झाला, तरी हिचं कुंकू अजून बंद्या रुपयाएवढं.

आता चोरून वाचतो. पुस्तक रिकाम्या कुंडीत, वर पोतं.

कार्तिक व. ४

पहिली गोष्ट संपली. धरणात बुडालेलं गाव पाण्याखाली तसंच नांदत असतं, आठवड्याचा बाजारसुद्धा भरतो. एक नावाडी बुडी मारून लोकांचं राहिलेलं वर आणून देतो. कुणाचं जातं, कुणाचा पाळणा, कुणाचा अर्ध्यावर राहिलेला तंटा. तंटा वर आणताना नाव लय जड होते, हे वाचून मी एकटाच मांडवामागे हसत बसलो.

हौसाबाईच्या माहेरचं शेत धरणाच्या पाण्यात गेलेलं. ती पुढं सरकून म्हणाली, "आबा, आमचा रायवळ आंबा तितंच हाय. त्याला कैऱ्या लागत्यात का, ते लिवलंय का?"

तसं काही लिहिलेलं नाही म्हटलं.

"मग लिवाया पायजे हुतं. गाव लिवलं न् आंबा सोडला?"

माझंही एक म्हणणं आहे. नावाडी दिवसचे दिवस तळाशी असतो, पण जेवत नाही. अद्भुत झालं तरी पोट आहेच ना. सदाला सांगणे: माणूस पाण्याखाली ने, आभाळात ने, पण भाकरी बांधून दे.

बागेतल्या रोपांना करतो तशी खूण केली आहे. गो. १: धरलं.

मार्गशीर्ष शु. ३

गो. २, 'सावल्यांचा शिंपी'. फार गोड. काट्याकुट्यांतून जाणाऱ्यांच्या सावल्या फाटतात, त्या हा बसून शिवतो. एकदा भिकाऱ्याच्या सावलीला राजाच्या सावलीचं उरलेलं ठिगळ लावतो आणि उन्हं कलली की भिकारी राजासारखा चालायला लागतो. लोक वाटेतून बाजूला होतात आणि का झालो ते त्यांनाही कळत नाही.

राजकन्येचं वर्णन मात्र वरातीसारखं. नवरी दिसेपर्यंत उभं राहून पाय दुखतात. मी ते गाळून सांगितलं. सरूला सुगावा नाही.

सरूला शिंप्यानं चिंध्या जपून ठेवणं आवडलं. "शिंपी म्हटल्यावर ठेवनारच. आपला गनपा शिंपी अर्धी पैरण ठेवून घेतो." हौसाबाई कंदिलापुढं उभी राहून भिंतीवर बघत होती. "माजी ठिगळाची हाय का बगा आबा. कंबरेत रुंद दिसती." सरू म्हणाली, "ती सावली न्हवं, तूच हायेस."

गो. २: धरलं, कळीवर आहे.

मार्गशीर्ष व. १

गो. ३ संपली एकदाची. 'एकदाच बोलणारा डोंगर'. डोंगर प्रत्येकाला जन्मात एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. म्हणून सगळे पायथ्याशी बसून काय विचारावं याचा विचार करतात. पानंच्या पानं विचार. शेवटी कुणीच विचारत नाही आणि उठून घरी जातात. हे म्हणजे पिठलं पातळ झालं म्हणून पाहुण्यांना भाकरी वाढत सुटणं.

हौसाबाई दुसऱ्या दिवशीच ऐकायला बसायची बंद झाली, म्हैस आजारी आहे म्हणाली. म्हैस चांगली आहे, मी बघितली. सरू काल बसल्या जागी झोपली. डोळ्यांना विश्रांती मिळाली म्हणून मला वाईट वाटलं नाही.

गो. ३: गेलं. सदाला कसं सांगावं? वाळलेलं रोप उपटताना मुळाशी माती धरून उपटावं, तसं.

मार्गशीर्ष व. २

सकाळी भाकरी थापता थापता सरू आपणहून म्हणाली, "मी इचारलं असतं."

कुणाला?

"त्या डोंगराला. बसून काय ऱ्हायली येडी."

काय विचारलं असतंस, म्हटलं. कळशी उचलून विहिरीवर गेली. म्हणजे झोपली नव्हती.

मार्गशीर्ष व. ५

गो. ४, 'पळसाचा माणूस'. एकट्यानं वाचली. वाचून झाल्यावर ऊन मांडवावरून उतरून भिंतीवर गेलं तरी तिथंच बसलो होतो. झारी भरून वाहून गेली.

एका घरातला बाप बेपत्ता. बारा वर्षं वाट पाहून गाव त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतं, तो जाळला की क्रिया झाली. पण सकाळी पुतळा उठून बसतो आणि पोराला म्हणतो, मला जाळणार तर जाळा. पण ज्याच्या नावानं जाळणार त्याचा एक दिवस मला जगू द्या. मग तो दिवसभर त्या घरात असतो. कौलं परततो. बैल धुतो. पोरगं मोठं झालेलं, तरी त्याला खांद्यावर घेऊन गावातून फिरवतो, पोराच्या अंगाला पानांचा वास लागतो. संध्याकाळी खांद्यावरून उतरवून ठेवतो आणि आपल्या पायांनी सरणाकडं जातो.

हे सदानं बनवलेलं नाही. म्हणजे उठणं, चालणं बनवलेलं, पुतळा नाही. दाजींना बारा वर्षं झाली तेव्हा वराळ्याहून सरूचे थोरले दीर भटजींना घेऊन याच अंगणात आले होते. भटजींनी पळसाच्या पानांचं सगळं समजावून सांगितलं. सरू म्हणाली, "पानाचा नवरा करून मी जाळायची न्हाई." पुन्हा कुणी विषय काढला नाही. सदा तेव्हा दाराच्या कडीला लोंबकळत ऐकत होता.

जे आईनं होऊ दिलं नाही ते पोरानं पुस्तकात करून टाकलं. आणि इतकं चांगलं केलंय की त्याच्या पाठीत धपाटा घालावा आणि मग जवळ घ्यावा.

हे सरूला वाचून दाखवू? वाचलं म्हणजे क्रिया केल्यासारखंच की. उद्या आरशापुढं बसताना तिच्या मनात काय येईल. न वाचावं तर पोरानं 'आईला दाखवा' म्हटलंय.

खूण केली नाही.

मार्गशीर्ष व. १२

"चौथी कवा, दादा?"

डोळे दुखतात म्हटलं. काल खोकला म्हटलं होतं. उद्या काय म्हणू.

पौष शु. ५

हौसाबाई दूध घालून गेली नाही, घुटमळली. दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं ती सरूलाच करते. आज चरवीकडं बघत बोलली. "सासू म्हनती, सरूबाईला वाण द्यायचं का न्हाई, येकदा इचारून घे. घरात नवी सून आलीया, तिच्या माहेरची मानसं असनार."

सरूनं दूध ओतून घेतलं, थेंब सांडला नाही. "इचारलंस. आता जा, बाकीचं दूध नासंल."

फाटकाशी हौसाबाईनं पदर डोळ्याला लावला. "आबा, मी न्हाई वो. सासू." ठाऊक आहे म्हटलं. ठाऊक आहेच. पण नेमकं आत्ताच.

पौष शु. ११

आज फजिती झाली, लिहून ठेवतो.

सरूनं कंदील स्वतः पुसून पुढं ठेवला. म्हणाली, आज चौथी. मी सुरू केली. पानांचा माणूस उठून बसला, इथपर्यंत सदाचं. तिथून पुढं माझं. दुपारी खरा बाप वेशीवर येतो. पानांच्या माणसाचं काम उरत नाही. मग गाव त्याच्या पानांच्या पत्रावळी लावतं, सगळे पंगतीला बसतात, गुळवणी-पोळी. पहिल्या गोष्टीत कुणी जेवलं नव्हतं, त्याची भरपाई मी करत होतो. पंगत चांगली रंगली होती.

"दादा, मगापासून पान न्हाई उलटलंस."

मला तोंडपाठ आहे म्हटलं.

"मग डोळं खाली घालून कुनाकडं बगतोस?"

ती शांतपणे म्हणाली, "पोरानं बाप जाळला का?"

पुस्तक मिटलं.

"जे लिवलंय त्ये वाच. उद्या न्हाई जमलं तर परवा. दिवसा वाच, डोळ्याला दिसंल असं. वरची कौलं तू घातलीस न् खाली पाया त्याचा, असलं घर नगं मला."

दिवसा वाच म्हणाली. सरू.

पौष पौर्णिमा

अंगणात ऊन होतं. ती सुपात तीळ निवडत होती. मी चौथी गोष्ट अक्षरन् अक्षर वाचली, राजकन्या नव्हतीच गाळायला. तो कौलं परतायला चढतो तिथं थांबून पाणी प्यायलो. तिनं मान वर केली नाही. पोराला खांद्यावर घेतो तिथं सुपातले हात थांबले, पुन्हा सुरू झाले. शेवट वाचला. तो आपल्या पायांनी जातो. पुस्तक मांडीवर ठेवलं.

तिनं सूप खाली ठेवलं.

"आन् ती बाई?"

कुठली?

"त्या घरातली. पोराची आई."

मी पानं चाळली. मला आठवतच नव्हती. आहे. सकाळी 'आई चुलीकडं तोंड करून बसली होती'. संध्याकाळी पुन्हा तेच. मध्ये नाही.

"दिसभर पाठ करून बसली?"

तिला भीती वाटली असेल, म्हटलं. पानांचा माणूस.

"भीती कसली. घरात मानूस आलंय. पानाचं का हुईना. बाई वळून बगनार न्हाई व्हय? भाकर वाढनार न्हाई?" आवाज चढला. एवढी रागावलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. रडेल म्हणून मनाची तयारी केली होती, रागाची नाही. "लिवनाऱ्याला बाप ठावं न्हाई, तो लिवला झ्याक. आई जल्मभर म्होरं बसलीया, तिची नुसती पाठ."

सूप उचलून आत गेली.

मी इतके दिवस तिला जपत होतो ते तिचा नवरा जाईल म्हणून. ती भांडली ते तिला वळू दिलं नाही म्हणून. आणि चारही गोष्टींत मला हीच सगळ्यात चांगली वाटली होती. मी पहिल्या गोष्टीत भाकरी शोधली, या गोष्टीत बाई हरवलेली दिसली नाही. सदाचा मामाच मी.

पौष व. ३

बोलणं नाही त्या विषयावर. तिळाचा खमंग वास घरभर. कुंकू रोजच्यासारखं. मी बघतो हे तिला कळतं.

"काय बगतोस?"

काही नाही.

"मग बाग बग."

बाग बघितली. शेवंती संपत आली.

पौष व. ८. भोगी

सदा सकाळच्या गाडीनं आला. वाळलाय. मिश्या कमी केल्यात, त्यामुळं दाजींसारखा दिसतो. पाया पडला, तिळगुळाची पुडी उद्यापर्यंत उघडू नका म्हणाला, आणि बसल्या बसल्या, "हं मामा, सांगा."

मी सांगितलं. नावाड्याला भाकरी आणि हौसाबाईचा आंबा, हे ऐकून हसला. शिंप्याबद्दल सांगितलं तेव्हा लहानपणी आंबा पाडल्यावर व्हायचा तसा चेहरा झाला. डोंगराचं, मुळाशी माती धरूनही, वाळलंच म्हटलं. जरा वेळ जमिनीवर रेघोट्या ओढत बसला. मग म्हणाला, "मलाही वाटलंच होतं. पण छापखान्यातला कुणी बोलला नाही."

"आणि चौथी?"

ते तुझ्या आईला विचार, म्हटलं.

त्याला ते अपेक्षित नव्हतं. "वाचून दाखवलीत?" मी मान हलवली. पोराच्या तोंडचं पाणी पळालं. सरू चुलीपुढं भोगीच्या भाकरीवर तीळ लावत होती. सदा तिच्या पाठीकडं बघत होता, आणि ती पाठच होती, मला ते बघवेना.

"आई, चुकलं का माझं?"

तव्यावर भाकरी टाकली तिनं. मग वळली. पिठाचे हात तसेच.

"जाळलास त्याचं न्हाई म्हनत मी. त्ये तुजं हाय. तुज्या मनात बाप कसा जायचा त्यो तू ठरीव. पन त्या बाईला वळीव."

सदा म्हणाला, "पुस्तक छापून झालंय आई."

"तुज्याकडं शिसपेन्सील हाय न्हवं?"

"वळून ती काय करेल?"

"इचारंल."

"काय?"

सरू माझ्याकडं बघून म्हणाली, "दादा, तू जरा भायेर बस."

भावाला बाहेर काढलं. हे लिहितोय ते अंगणात, कुंडीच्या कठड्यावर बसून. आतून तिचा आवाज येतो, शब्द लागत नाहीत. एकदा सदानं काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "न्हाई. पयलं लिव, ती उठली." पुढचं पुन्हा हळू.

हौसाबाई आली आहे. हातात दूध नाही. फाटकाबाहेरूनच, "आबा, वाण द्यायचंच म्हनून सासूला मी सांगून आलेय. सरूबाई उद्या येनार न्हवं?"

ती कामात आहे, म्हटलं. बस.

"कसल्या कामात?"

लिहितेय.

हौसाबाईनं माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं. माझ्या शेजारी बसली. भाकरी करपल्याचा वास आला. आत कुणी उठलं नाही. आम्हीही नाही.